शेतातल्या मातीपासून ताटातल्या भाजीपर्यंत : दोन विषयांत संशोधनाचे पेपर लिहितानाचा माझा अनुभव

गेल्या दीड-दोन वर्षांत एमएस्सी अ‍ॅग्रीच्या बऱ्याच मुलामुलींनी मला एकच प्रश्न विचारलाय. "ताई, माझा विषय सॉइल सायन्स, पण काम भाजीतल्या जड धातूंवर चाललंय, मग पेपर कुठे टाकू, आणि निम्मे पेपर फूडच्या जर्नलात गेले तर पुढे नोकरीला अडचण येईल का?" प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगते आणि मग फोन ठेवल्यावर आठवतं की अर्धं राहूनच गेलं, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू. मी मृदा विज्ञान आणि कृषी रसायनशास्त्राची, एमएस्सी आणि पीएचडी दोन्ही त्यातच, आणि आज माझ्या यादीत साधारण निम्मे पेपर मातीचे आणि निम्मे अन्न सुरक्षेचे आहेत. नव्याने येणाऱ्याला मी पहिलं हेच सांगते की विषय दोन असू देत, प्रश्न एकच ठेवा. माझा प्रश्न सुरुवातीपासून एकच राहिला, जमिनीत जे नको ते आहे त्यातलं खाणाऱ्याच्या पोटात किती पोचतं. याचा अर्धा रस्ता मातीत आहे आणि अर्धा भाजीत, त्यामुळे पेपरही आपोआप दोन्हीकडे विभागले गेले.

हे दोन विषय मुळात वेगळे आहेत असं वाटणाऱ्यांनी जपानचं उदाहरण वाचावं. तोयामा भागात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका नावाची खाण होती, तिथलं कॅडमियम हा विषारी जड धातू नदीतून भातखाचरात आलं, मातीतून तांदळात आणि तांदळातून माणसांच्या मूत्रपिंडात आणि हाडांत. हाडं इतकी ठिसूळ व्हायची की नुसत्या खोकल्याने मोडायची, दुखण्याने लोक "इताई इताई" ओरडायचे, म्हणून आजाराचं नावच इताई-इताई पडलं. 1968 मधे तिथल्या सरकारने तो प्रदूषणामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला आणि पुढे त्या शेतांची वरची माती बदलण्याचं काम कित्येक वर्षं चाललं. आता यात माती कुठे संपली आणि अन्न कुठे सुरू झालं, सांगता येतं का? मला तरी येत नाही.

माझ्या कामाची सुरुवात एका शहराच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या पालकाच्या वाफ्यांपासून झाली. वरून शहराचं सांडपाणी मिसळलेलं पाणी मोटार लावून उचलतात आणि पाटाने वाफ्यात सोडतात, उन्हाळ्यातसुद्धा पाणी तुटत नाही त्यामुळे पालक, मेथी, कोथिंबीर बारा महिने निघते. सकाळी सहाला गेलं की काका-काकू जुड्या बांधत असायचे, केळीच्या सोपटाने बांधलेल्या, मुळांना ओली काळी माती चिकटलेली, आणि त्या जुड्या पाटातल्याच पाण्यात खळाखळा बुडवून टेम्पोत रचायचे. ते पाणी, ती माती, तो पालक, तिन्हीची सॅम्पलं मी घ्यायची. काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, न्या काय न्यायचं ते, पण निघालं काय ते आम्हाला पण सांगा." हे वाक्य लक्षात ठेवा, त्यावर मी परत येणार आहे.

सॅम्पलिंगबद्दल थोडं जास्त सांगते कारण पेपर जगतो किंवा मरतो तो इथेच. आपल्याला पहिल्या वर्षाला शिकवतात तसं प्लॉटमधे नागमोडी चालत जायचं, व्ही आकाराचा खड्डा घेऊन 0 ते 15 सेंटीमीटरचा थर काढायचा, सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. हे सगळ्यांना येतं. पण धातूंचं काम करायचं असेल तर लोखंडी खुरपं आणि जस्ताची बादली लांब ठेवा, नाहीतर तुम्ही जमिनीतलं जस्त मोजताय की बादलीतलं हे कोणालाच सांगता येणार नाही. मी लाकडी पट्टी आणि प्लास्टिकचा टब घेऊन फिरायचे. आणि पिशवीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनाची शाई ओल्या मातीत दोन दिवसांत पसरते. माझी पहिल्या हंगामातली अकरा सॅम्पलं अशीच गेली, कुठला वाफा कुठला कळेना, आणि तो हंगाम परत येणार नव्हता.

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगते, कारण सॉइलमधून फूडकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक जण ती करतोच. आपण मातीवाले सगळं कोरड्या वजनावर बोलतो. माती वाळवायची, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, पानं ओव्हनमधे 65-70 अंशाला वाळवायची, दळायची, आम्लात डायजेशन म्हणजे विरघळवणं करायचं, रात्रभर नायट्रिकमधे ठेवायचं, सकाळी हॉटप्लेटवर तपकिरी धूर संपून द्रावण नितळ होईपर्यंत थांबायचं, व्हॉटमन 42 मधून गाळायचं, रीडिंग घ्यायचं आणि लिहायचं मिलिग्रॅम प्रति किलो. कोरड्या वजनाचे असं वेगळं सांगायचीही गरज वाटत नाही, कारण आपल्यात सगळे तेच धरतात. मी पण तसंच केलं आणि मग चर्चेच्या भागात माझा आकडा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाच्या मर्यादेशेजारी ठेवला. पालेभाजीसाठी कोडेक्सची कॅडमियमची मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम. आणि लिहून टाकलं की इथला पालक मर्यादेच्या कितीतरी पट वर आहे.

पेपर फूडच्या एका जर्नलला पाठवला. दोन महिन्यांनी रिजेक्ट होऊन आला आणि पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या रिव्ह्यूअरने एकच ओळ लिहिली होती, तिचा अर्थ असा की ही मर्यादा ताज्या भाजीच्या वजनावर असते, लेखकांनी कोरड्या वजनाशी तुलना केलेली दिसते. मी ती ओळ वाचली आणि हातपाय गार पडले. हिशोब करून बघा. समजा कोरड्या पालकात कॅडमियम किलोमागे 1.5 मिलिग्रॅम आलं. 0.2 शी लावलं तर साडेसात पट, म्हणजे बातमीच. पण पालकात साधारण 91 टक्के पाणी असतं, म्हणजे एक किलो ताज्या पालकात कोरडा भाग जेमतेम 90 ग्रॅम, त्या हिशोबाने ताज्या भाजीत येतं 0.135, म्हणजे मर्यादेच्या आत. एकाच पानाचा, एकाच मशीनचा आकडा, एका बाजूने बघितलं तर विष आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर खायला हरकत नाही. माझ्या सगळ्या वाफ्यांचा हिशोब परत मांडला तेव्हा बहुतेक सॅम्पलं मर्यादेच्या आत आली आणि थोडीच वर राहिली, आणि ती थोडी कुठली, तर पाटाच्या तोंडाशी असलेल्या, सगळ्यात जुन्या वाफ्यांतली. म्हणजे खरी गोष्ट तिथे होती! ती मी माझ्या साडेसात पटीच्या आरड्याओरड्यात बघितलीच नव्हती.

त्या रिजेक्शनने मला वाचवलं असं मी आजही मानते. तो पेपर तसाच छापून आला असता आणि कुठल्या तरी वर्तमानपत्राने उचलला असता तर त्या काकांचा माल मंडईत कोणी हातात धरला नसता, आणि तो आकडा मुळात चुकीच्या वजनावर होता. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या सॅम्पलचं ओलं वजन शेतावरच, तोडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत घ्यायचं हा माझा नियम आहे, छोटा बॅटरीवरचा काटा पिशवीतच असतो. घरी किंवा लॅबमधे येईपर्यंत पालक सुकतो आणि पाण्याचा टक्का बदलतो, मग तुम्ही मागाहून पुस्तकातला सरासरी आकडा वापरता आणि रिव्ह्यूअरच्या ते नेमकं लक्षात येतं.

तसाच धुण्याचा प्रश्न. मातीवाल्याला जाणून घ्यायचं असतं की मुळातून पानात किती चढलं, म्हणून तो पानं नळाच्या पाण्याने, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुतो, पानावर बसलेली धूळमाती राहता कामा नये. अन्न सुरक्षावाला म्हणतो, घरातली बाई पालक आम्लाने धुते का? ती धुते नळाखाली दोन पाण्याने, मग तसंच धू आणि मोज, कारण पोटात तेच जातं. दोघंही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. मी आता प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग करते, एक आम्लाने धुतलेला, एक घरगुती पद्धतीने, आणि दोन्हीतला फरक हीच मला एका अख्ख्या पेपरची सामग्री देऊन गेली, कारण शिशाच्या बाबतीत बराचसा भाग पानावर चिकटलेल्या मातीचा आणि धुळीचा निघाला तर कॅडमियम मात्र खरोखर मुळातून वर चढलेलं होतं. पहिल्याचा उपाय स्वच्छ पाण्याने धुणं, दुसऱ्याला धुऊन काही होत नाही, त्याचा उपाय जमिनीतच करावा लागतो. ही गोष्ट एका विषयात राहून मला दिसली नसती.

शब्दसुद्धा फसवतात. सॉइलमधे आपण "उपलब्ध" म्हणतो तेव्हा डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणात किती उतरलं ते सांगत असतो, लिंडसे आणि नॉरवेल यांची 1978 ची पद्धत, 7.3 सामू (पीएच), दोन तास हलवायचं, सगळ्यांना पाठ असते. ती मुळात चुनखडीयुक्त आणि उदासीन जमिनीतली सूक्ष्म अन्नद्रव्यं मोजायला काढलेली आहे, आपल्या काळ्या जमिनीला बरी लागू पडते, पण कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्याच्या मातीवर तीच लावली की जाणता रिव्ह्यूअर हटकून विचारतो. फूडवाल्यांच्या तोंडी "उपलब्ध" आलं की त्याचा अर्थ पोटात आणि आतड्यात किती विरघळतं. एकाच पेपरमधे दोन्ही वापरायचे असतील तर पहिल्या पानावरच कोणता अर्थ कुठे ते सांगून टाका. आणि मातीवाला ट्रान्सफर फॅक्टर, म्हणजे मातीतल्याच्या तुलनेत पानात किती आलं ते, काढून थांबतो, फूडवाला तिथून पुढे विचारतो, की लोक ही भाजी खातात किती? लहान मूल किती, मोठा माणूस किती? कॅडमियमसाठी जागतिक तज्ज्ञ समितीने 2010 मधे महिन्याला शरीराच्या किलोमागे 25 मायक्रोग्रॅम ही सहन होण्याजोगी मर्यादा ठरवली, तिच्याशी तुलना करायची तर आहाराचे आकडे लागतात, ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अहवालांत मिळतात. मी हे आकडे आयुष्यात पहिल्यांदा पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी उघडले. तुम्ही पहिल्या वर्षी उघडा.

मर्यादांचंच अजून एक. जुने भारतीय पेपर बघितले तर त्यात 1954 च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या मर्यादा असतात, आणि पुढचे लोक त्या तशाच उचलत राहतात. तो कायदा जाऊन 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, त्याचे नियम 2011 पासून लागू झाले आणि त्यातही वेळोवेळी दुरुस्त्या होतात. त्यामुळे मर्यादा कधीही दुसऱ्याच्या पेपरमधून घेऊ नका, मूळ नियमाची आत्ताची प्रत उघडा. आणि हे पण लक्षात ठेवा की आपल्या मृद आरोग्य पत्रिकेत, जी योजना 2015 मधे सुरू झाली, बारा गोष्टी तपासतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त-लोह-तांबं-मंगल (मँगनीज)-बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, पण कॅडमियम नाही, शिसं नाही, आर्सेनिक नाही. पत्रिका हिरवी असलेली जमीन ताटाच्या दृष्टीने चांगली असेलच असं नाही. नवीन माणसाला काम करायला जागा कुठे आहे असं मला विचारतात तेव्हा मी हीच जागा दाखवते.

दुसऱ्या विषयाचे पेपर कसे वाचायचे हे मी एका रेसिड्यू लॅबमधे, म्हणजे मालातले औषधांचे अंश तपासणाऱ्या लॅबमधे, दोन महिने बसून शिकले. आपल्याकडे द्राक्षवाल्यांना 2010 साल आठवत असेल, सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडून युरोपात माल अडकला होता, नाशिक-सांगलीकडे घराघरात तो विषय होता. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे तिथे निर्यातीच्या द्राक्षांसाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा चालते. अशा लॅबवाल्यांची शिस्त वेगळीच असते, कारण त्यांच्या एका आकड्यावर कंटेनर थांबतो. प्रत्येक बॅचमधे ब्लँक म्हणजे सॅम्पल न घातलेलं नुसतं द्रावण, मुद्दाम मोजून घातलेलं स्पाइक, त्याची रिकव्हरी म्हणजे घातल्यापैकी परत सापडलेला भाग 70 ते 120 टक्क्यांत आली नाही तर अख्खी बॅच परत. मी ज्या लॅबमधे होते तिथले मामा, वीस-बावीस वर्षं काचेची भांडी धुण्याचं काम केलेले, मला म्हणाले, "मॅडम, ब्लँक बिघडला की आधी माझ्याकडे या, मशीनकडे नंतर बघा." आणि खरंच दोनदा दोष फ्लास्कमधेच निघाला. सॉइलच्या जुन्या पेपरांमधे प्रमाणित संदर्भ नमुना, म्हणजे ज्यातलं प्रमाण आधीच पक्कं माहीत आहे असा नमुना, वापरलेला क्वचित दिसतो, फूडचं चांगलं जर्नल सहसा त्याशिवाय पेपर रिव्ह्यूला सुद्धा पाठवत नाही. पालकासाठी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची पालकाच्या पानांची पावडर मिळते, बाटली महाग आहे, दोन-तीन विद्यार्थ्यांनी मिळून घ्या, पण घ्या.

दुसरं काम भुईमुगाचं, थोडक्यात सांगते. अफ्लाटॉक्सिन हे विष करणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मातीत राहते आणि भुईमुगाची शेंग मातीतच पोसते, शेवटच्या महिन्यात पाणी तुटलं आणि जमीन तापली की ती शेंगेत शिरते. आऱ्या (फुलातून जमिनीत शिरणारे, पुढे शेंग धरणारे दांडे) सुटताना जिप्सम दिलं तर कॅल्शियममुळे टरफल आणि दाणा भक्कम होतो आणि प्रादुर्भाव कमी होतो, म्हणजे उपाय सॉइल सायन्सचा आणि मोजमाप फूड सेफ्टीचं. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे 4 मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. इथे अडचण वेगळी, पोत्यातल्या हजार दाण्यांत एखादाच दाणा भयंकर बाधलेला असतो, तो मुठीत आला तर आकडा आभाळाला आणि नाही आला तर शून्य. मातीसारखं अर्धा किलो घेऊन भागत नाही, मोठं सॅम्पल घेऊन सगळं दळून मग त्यातून घ्यावं लागतं. माझ्या पहिल्या बॅचचे निकाल याच कारणाने फेकून द्यावे लागले.

आता पेपर कुठे टाकायचे. माझी पद्धत अशी आहे की लिहायला बसायच्या आधी स्वतःला विचारायचं, हा निकाल वाचून कोण आपलं काम बदलेल? जमिनीचं व्यवस्थापन करणारा बदलणार असेल तर मातीचं जर्नल, भाजी तपासणारा किंवा मर्यादा ठरवणारा बदलणार असेल तर अन्नाचं. पाटाच्या तोंडाशी कॅडमियम का साठतं, चुनखडी आणि चिकणमाती त्याला कसं धरून ठेवते, हे मी भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या जर्नलला पाठवलं, ही संस्था 1934 ची आहे आणि आपल्या जमिनींची ज्यांना खरी जाण आहे असे रिव्ह्यूअर तिथेच भेटतात. धुण्याचा आणि आहाराचा भाग फूडच्या जर्नलला. पण एकाच डेटाचे तुकडे करून पाच पेपर काढू नका, प्लीज. प्रश्न वेगळा असेल तरच पेपर वेगळा, आणि दुसऱ्या पेपरमधे पहिल्याचा उल्लेख स्पष्ट करा की ही सॅम्पलं त्याच शेतातली आहेत.

नास म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी जर्नलांना जे गुण देते त्या रेटिंगचं सगळ्यांना टेन्शन असतं, कृषी विद्यापीठात प्रत्येक फॉर्ममधे ते विचारतात. ज्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा) आहे त्याचा स्कोअर 6 अधिक तो फॅक्टर असा धरतात, त्यामुळे फूड आणि पर्यावरणाच्या जर्नलांचे स्कोअर सहसा मातीच्या भारतीय जर्नलांपेक्षा जास्त दिसतात आणि मुलं सगळंच तिकडे ढकलायला बघतात. माझं मत विचाराल तर तसं करू नका, आणि यामागचं कारण व्यवहाराचं आहे. असिस्टंट प्रोफेसरच्या आणि एआरएस म्हणजे कृषी संशोधन सेवेच्या जागा विषयानुसार निघतात, डिग्री मृदा विज्ञानाची असेल तर समोर बसलेली माणसं मातीची असतात आणि त्यांना तुमच्या यादीत मातीतलं पक्कं काम दिसलं पाहिजे. निम्मे तरी पेपर डिग्रीच्या विषयात ठेवा. उलट एनएबीएलची मान्यता असलेल्या तपासणी लॅबमधे किंवा निर्यातीच्या कंपनीत जायचं असेल तर तिथे पेपरांच्या संख्येपेक्षा तुम्ही स्वतः आयसीपी हे धातू मोजायचं मशीन चालवलंय का, मेथड व्हॅलिडेट केलीय का हे विचारतात, ते पेपरच्या मेथडच्या भागात दिसू द्या.

पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलांबद्दल कळकळीने सांगते. एमएस्सी संपताना पीएचडीच्या अ‍ॅडमिशनला पेपर पाहिजे म्हणून मी माझा पहिला पेपर अशाच एका "इंटरनॅशनल" नावाच्या जर्नलला दिला, तीन हजार भरले, पाचव्या दिवशी छापून आला, एकाही रिव्ह्यूअरची टिप्पणी नाही. माझ्या मेहनतीचा सगळ्यात चांगला डेटा, दोन हंगामांचा, तिथे अडकून पडलाय, आता तो दुसरीकडे छापता येत नाही आणि तिथे कोणी वाचत नाही, पुढे ते जर्नलच बंद पडलं. युजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी होती ती 2025 मधे बंद झाली, त्यामुळे आता यादीवर भिस्त ठेवून चालत नाही, स्वतःच तपासायचं. संपादक मंडळातल्या दोन माणसांची नावं शोधा, मागच्या अंकातले तीन पेपर वाचा, आणि गाईडना विचारा की तुम्ही इथला पेपर कधी वाचून वापरलाय का. जर्नलं वाचायला पैसे नाहीत ही अडचण असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत बरीचशी मिळतात, आणि जुने थेसिस कृषीकोश या ऑनलाइन संग्रहावर असतात, तुमच्याच जिल्ह्यातल्या मातीवर तीस वर्षांपूर्वी कोणी काम केलेलं असतं आणि ते कुठल्याच जर्नलात नसतं.

नावाचा विषय विशेषतः मुलींसाठी. माझे पहिले तीन पेपर माहेरच्या आडनावाने, मधे वडिलांचं आद्याक्षर, पुढचे चार सासरच्या आडनावाने, मधे नवऱ्याचं आद्याक्षर. एका जर्नलने आडनाव पुढे घेतलं, एकाने मागे. स्कोपस या पेपरांच्या ऑनलाइन सूचीत माझी चार माणसं झाली होती! आणि आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे किती, एस. बी. पाटील असं शोधलं तर मातीपासून हृदयरोगापर्यंत सगळं येतं. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मी रात्री बसून प्रत्येक पेपर माझाच आहे हे कळवत होते आणि दोन पेपर तेव्हा मोजलेच गेले नाहीत. पहिला पेपर पाठवायच्या आधी ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, सोळा आकडी असतो, फुकट मिळतो, आणि एकच नाव ठरवा आणि लग्न होवो न होवो, पेपरवर तेच ठेवा. कागदोपत्री नाव बदललं तरी पेपरवरचं बदलावं लागत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

को-ऑथर कोण आणि कुठल्या क्रमाने, हे काम सुरू होण्याआधी बोलून घ्या, नंतर नाही. दोन विषयांच्या पेपरमधे सॅम्पलं एकाची, मशीन दुसऱ्याचं, आकडेमोड तिसऱ्याची असं असतं आणि प्रत्येकाला आपलंच काम मोठं वाटतं. मी आता सॅम्पलिंगला निघायच्या आधीच एक साधा मेल टाकते, कोण काय करणार आणि पहिलं नाव कोणाचं, सगळ्यांनी "ओके" म्हटलं की मगच गाडी काढते.

आणि उरलेली माती फेकू नका. इंग्लंडमधे रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासूनच्या प्रयोगांची माती आणि धान्य बाटल्यांत भरून ठेवलंय, भरली तेव्हा कॅडमियम कोणाच्या डोक्यातही नव्हतं, आणि 1980 च्या दशकात त्याच बाटल्या उघडून शंभरेक वर्षांत जमिनीत कॅडमियम कसं वाढत गेलं हे मोजता आलं. मी प्रत्येक सॅम्पलची दोनशे ग्रॅम माती प्लास्टिकच्या बाटलीत ठेवते, आत पेन्सिलची चिठ्ठी, बाहेर दुसरी, आणि एक्सेलमधे तारीख, गट नंबर, अक्षांश-रेखांश, वाण, पाणी कुठलं. माझा सगळ्यात जास्त सायटेशन (इतरांच्या पेपरांत उल्लेख) मिळालेला पेपर सहा वर्षांपूर्वीच्या बाटल्या आणि त्याच वाफ्यांतली नवी माती यांच्या तुलनेतून निघालाय, नवीन प्रोजेक्टचा एक रुपया नसताना.

मुलाखतीचं विचारता ना. मला एकांनी विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही नक्की मातीच्या की अन्नाच्या?" मी पेपरांची यादी सालानुसार न देता रस्त्यानुसार मांडून नेली होती, पाणी, माती, मूळ, पान, धुणं, ताट, आणि प्रत्येक टप्प्यासमोर माझा पेपर. तो कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, सर, मधे दोन टप्पे रिकामे आहेत, तेच मला इथे येऊन करायचेत. पुढची वीस मिनिटं त्या दोन रिकाम्या जागांवरच बोलणं झालं. नोकरी मिळाली.

काकांचं राहिलं. पेपर छापून आल्यावर मी मराठीत एक पान लिहून नेलं, त्यात कुठल्या वाफ्यात किती आणि मर्यादा किती एवढंच, ताज्या वजनावर. त्यांनी ते चष्मा लावून सावकाश वाचलं, पाटाच्या तोंडाशी असलेल्या दोन वाफ्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग इथं पालक नको म्हणता?" मी म्हटलं, पालेभाजी नको, पानात साठतं ते, इथे फुलझाडं लावा, झेंडू वगैरे, आणि विकायच्या जुड्या पाटात बुडवू नका, विहिरीच्या पाण्याने धुवा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग उठले, गोठ्यामागून एक पाण्याची रिकामी बाटली आणली, विसळली, आणि म्हणाले, "विहिरीचं कोणी बघितलंय? ते पण न्या तर मग." बाटली तीनदा त्याच पाण्याने विसळून घ्यायची हे मी त्यांना दाखवलं, चिठ्ठीवर तारीख आणि गट नंबर लिहिला. तो सॅम्पल आज सकाळीच लॅबला लावलाय.